गाजरगवताला पुरून उरेल अशी जमीन झाकणारी झाडं सुचवा (सातारा, यवतेश्वरचा पायथा)

मुरूमवाली
नमस्कार मंडळी. साताऱ्यात यवतेश्वराच्या पायथ्याला आमची अकरा गुंठे जागा आहे. घर दोनेक गुंठ्यांत, बाकी मोकळं. मोकळं म्हणायला, खरं तर गच्च भरलेलं, पण नको त्याने.

वरचा भाग उताराचा आणि निव्वळ मुरमाचा. तिथे गाजरगवत. घरासमोरच्या सपाट पट्ट्यात बांधकामाच्या वेळी कुठून तरी आणून काळी माती भरली होती, त्या मातीबरोबर लव्हाळा आणि हरळी फुकट आली. मागे दोन जुने आंबे आहेत, त्यांच्या सावलीत फारसं काही उगवत नाही, पाऊस पडला की केना तेवढा माजतो. कुंपणालगत घाणेरी.

दरवर्षी जुलैत बायका लावून खुरपून घेतो. गणपती येईपर्यंत पुन्हा गुडघाभर. सासूबाईंना गाजरगवताची ॲलर्जी आहे, हात-मान लाल होऊन खाज सुटते, म्हणजे हा नुसता शोभेचा प्रश्न नाही. तणनाशक मारायचं नाही, कारण उताराच्या तळाशीच विहीर आहे आणि ते पाणी आम्ही पितो.

आता वाटतंय की नुसतं उपटून भागणार नाही, त्या जागी दुसरं काहीतरी जोरकस लावलं पाहिजे, जे पसरेल, जमीन झाकेल आणि तणाला डोकं वर काढू देणार नाही. नर्सरीवाला म्हणतो वेडेलिया लावा, दोन महिन्यांत हिरवंगार. लावू का? उन्हाळ्यात पाणी फार देता येणार नाही. अजून पाऊस यायचा आहे, तेवढ्यात ठरवायचं आहे.

वारणाकाठचा
डोळे झाकून वेडेलिया लावा. विट्याला भावाच्या बंगल्यापुढे लावलीय. एक फांदी खोचली की झालं. पिवळी फुलं बारा महिने, तणाचं नाव नाही. नर्सरीवाला बरोबर सांगतोय.

सड्यावरचा
कृपया लावू नका. आणि यवतेश्वरला तर मुळीच नको.

वेडेलिया मूळची मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांकडची. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवजातींची जी प्रसिद्ध यादी आहे, तिच्यात तिचं नाव आहे. तुमच्या कुंपणावरच्या घाणेरीचंही आहे, म्हणजे एक काढून त्याच यादीतलं दुसरं लावायचं. हिच्या प्रत्येक पेराला मूळ फुटतं. छाटलेली फांदी ओढ्यात टाकली तर ती खाली जिथे अडकेल तिथे रुजते. तुमची जागा उतारावर, पावसाळ्यात पाणी ओहोळातून खाली जाणार, आणि वरच्या बाजूला रस्ता थेट कासला जातो. कास पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे. वायतुऱ्यासारखी वनस्पती या साताऱ्याच्या सड्यांवरचीच, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठारांवरचीच आहे. त्या परिसरात परकी वेल आपल्या हाताने कशाला न्यायची?

वारणाकाठचा
अहो, वायतुरा सड्यावरच्या डबक्यात येतो, ताईंच्या अंगणात नाही. सगळ्याच गोष्टीत कास कशाला आणायचं? त्यांना तण नकोय, एवढाच प्रश्न आहे.

सड्यावरचा
बरं, कास सोडा. नुसत्या अंगणापुरतं बोलू. भावाच्या बंगल्याला चारी बाजूंनी फरशी असेल तर वेल अडते. इथे अडवायला काही नाही. कंटाळा आल्यावर ती काढायची म्हणजे प्रत्येक तुकडा वेचायचा. तणाला हरवणारं झाड म्हणजे तणाच्याच गुणांचं झाड. म्हणून आधी एवढंच विचारायचं की उद्या नको झालं तर हे मला काढता येईल का. हुलगा (कुळीथ) काढता येतो, ताग काढता येतो, रताळं काढता येतं. वेडेलिया नाही.

तेच त्या केशरी कॉसमॉसचं. बियांची पाकिटं मिळतात, दिसायलाही छान. टेकड्यांवर आता बघा किती पसरलाय.

मुरूमवाली
वेडेलिया बाद. हे कुणी नर्सरीत सांगितलं नव्हतं. मग काय लावू?

जुना_कृषीसहायक
ताई, काय लावायचं ते नंतर, आधी कसं लावायचं ते बघू. लोक इथेच फसतात. उभ्या तणात रोप खोचून "आता तू भांड" म्हणून सोडून देतात. कोणतंही झाड पहिले दीड-दोन महिने दुबळंच असतं, त्या काळात गाजरगवत त्याला गिळतं. पहिला हात आपणच द्यायचा.

गाजरगवताचं एक झाड दहा ते पंचवीस हजार बी टाकतं. ते बी मातीत कित्येक वर्षं जिवंत राहतं. तेव्हा मातीत किती साठा आहे याची कल्पना करा. खोल खणलंत की खालचं बी वर येतं आणि नव्याने उगवतं. म्हणून खणायचं नाही.

करायचं असं. वळवाचा पाऊस पडू द्या. नाही पडला तर एकदा पाणी मारा. आठ-दहा दिवसांत वरच्या थरातलं बी उगवून हिरवी लव दिसेल. ती दोन पानांवर असतानाच खुरप्याने किंवा पासेच्या कोळप्याने वरच्यावर खरवडून उन्हात मरू द्या. शक्य असेल तर पुन्हा एकदा हेच. मग मृगाचा पाऊस झाला, वाफसा आला, म्हणजे माती पेरणीजोगी झाली, की लगेच पेरा. दाट पेरा. आपलं बी आणि तणाचं बी एकाच दिवशी शर्यतीला लागलं तर आपल्याला जिंकायची संधी असते. तण चार पानांवर असताना आपण पेरलं तर नसते.

दुसरं, गाजरगवताच्या मुळांतून आणि कुजलेल्या पाल्यातून अशी द्रव्यं निघतात की शेजारच्या बियांची उगवण दबते. तेव्हा उपटलेला पाला पेरणीच्या जागेवर पसरून ठेवू नका. फुलं यायच्या आधी उपटलेलं असेल तर वेगळ्या खड्ड्यात कंपोस्ट चांगलं होतं. फुलावर आलेलं मात्र खड्ड्यात टाकू नका. सासूबाईंना तिकडे फिरकू देऊ नका, आणि उपटणाऱ्या बायकांना हातमोजे, पूर्ण बाह्यांचे सदरे, तोंडाला फडकं द्या. आज खाज नसली तरी वर्षानुवर्षं हाताळून ती सुरू होते.

मिठाचं पाणी मारा असं कुणीतरी सांगेलच. शेकडा पंधरा-वीस टक्क्यांचं द्रावण गाजरगवत जाळतं हे खरं. पण ते पडीक रस्त्याकडेला. जिथे पुढे काही लावायचं आहे आणि खाली विहीर आहे तिथे मीठ ओतायचं नसतं.

कोरेगावकर
सविस्तर लिहिल्याबद्दल धन्यवाद. वाचतोय.

आबा_खटाव
मुरमाला हुलगा. बाकी सगळं नंतर.

आमच्या खटाव-माणात जिथं काहीच येत न्हाई तिथं हुलगा येतो. पाणी नगं, खत नगं. पीक म्हणून एकरी पाच-सहा किलो बी लागतं, पण तुमाला दाणं नकोत, जमीन झाकायची हाय. मग तिप्पट टाका, गुंठ्याला चारशे ग्रॅम धरा. फोकून वरनं दाताळं फिरवा. महिना-सव्वा महिन्यात वेलाला वेल गुंततो, खाली ऊन पोचत न्हाई. मुळाला गाठी, जमीन सुधारती ती येगळीच. आणि उन्हाळ्यात माडगं करून प्या.

एकच सांगतो, कुंपण बघा. शेळ्यांना हुलगा लई आवडतो. एक कळप घुसला की दुसऱ्या दिवशी मुरूम उघडा.

मुरूमवाली
आबा, शेळ्या येतात. रोज संध्याकाळी. घाणेरीच्या कुंपणात दोन भगदाडं आहेत आणि त्यांना ती आमच्यापेक्षा चांगली माहीत आहेत.

मेढ्याची_मावशी
मग टाकळा! आश्चर्य वाटतंय की अजून कुणी टाकळ्याचं नाव काढलं नाही. टाकळ्याला गुरं-शेळ्या तोंड लावत नाहीत. पहिल्या पावसाबरोबर असा काही दाट येतो की त्याच्या खाली गाजरगवत पिवळं पडून मरतं. आमच्या वाटेकडेला हे डोळ्यांनी दिसतं. जिथे टाकळा तिथे गाजरगवत नाही, जिथे टाकळा संपला तिथून गाजरगवत सुरू. शिवाय कोवळा असताना भाजी. लसूण-मिरचीची फोडणी, वरून ओलं खोबरं, आणि भाकरी.

जुना_कृषीसहायक
मावशींना अनुमोदन. गाजरगवतावर टाकळा ही कृषी खात्याची जुनीच शिफारस आहे. डिसेंबर-जानेवारीत शेंगा वाळल्या की बी गोळा करायचं आणि पावसाआधी फोकायचं. बियाचं कवच टणक असतं. जाड वाळूत घालून गोणपाटावर रगडलं की उगवण सुधारते.

एक सावधगिरी. टाकळ्यासारखाच दिसणारा, त्याच कुळातला एक लवदार परका भाऊ काही ठिकाणी रस्त्याकडेला माजलाय. दक्षिणेत तोही गाजरगवताविरुद्ध वापरून पाहिला. काम करतो, पण स्वतःच तण होऊन बसतो. आपला साधा टाकळाच घ्या. ओळख शेंगेवरून. टाकळ्याची शेंग वीतभर लांब, बारीक, किंचित वाकडी.

तासगावची_बाग
टाकळ्याबद्दल थोडं वेगळं मत मांडते. टाकळा पावसाळ्याचा गडी. ऑक्टोबर-नोव्हेंबरला पानं गळतात, नुसत्या काड्या उरतात. गाजरगवत मात्र ओल मिळाली की बाराही महिने उगवतं. म्हणजे दिवाळीनंतर एखादा अवकाळी झाला किंवा तुम्ही जवळपास पाणी दिलंत की मोकळ्या झालेल्या जागेत ते हजर. टाकळा चार-पाच महिन्यांचं उत्तर आहे, वर्षाचं नाही. आणि घराच्या अगदी जवळ वाळलेल्या काड्यांचं रान उन्हाळ्यात मला तरी नको वाटेल. एक काडी पडली की पेटलं.

मेढ्याची_मावशी
काड्या कापून जागेवरच आडव्या पसरायच्या की. कुजतात. पण हो, थंडीतल्या गाजरगवताचं म्हणणं खरं आहे.

सड्यावरचा
म्हणून उतारावर टाकळ्याच्या जोडीला बारमाही काहीतरी हवं. दोन नावं सुचवतो.

एक, मारवेल. आपल्याच माळावरचं गवत, बुंध्याशी पसरतं, पेरांना मुळं फुटतात, माती धरतं. पहिल्या वर्षी फार काही दिसणार नाही. दुसऱ्या पावसाळ्यात ठोंब जुळतात आणि मग गाजरगवताला मोकळी जमीनच सापडत नाही. गाजरगवत मोठं खोडकर, पण भरलेल्या जमिनीत ते शिरत नाही. ते नेहमी उकरलेल्या, चरून संपवलेल्या, उघड्या जागेवर येतं. धडधाकट गवताळ माळावर शोधायला गेलात तर वाटेच्या कडेलाच भेटेल.

दुसरं, उतारावर आडव्या ओळींत वाळा. दोन ठोंबांत वीतभराहून कमी अंतर, समपातळीत, आणि उताराची उंची साधारण मीटरभर उतरली की पुढची ओळ. वाळा पसरत नाही, तो जमीन झाकणार नाही. पण त्याची मुळं सरळ खोल जातात, दोन-तीन मीटरसुद्धा, आणि वरून वाहून येणारी माती व बी अडतं. ओळींच्या मधल्या पट्ट्यात तुमचा टाकळा-हुलगा-मारवेल वाहून न जाता टिकेल. पहिल्याच धो-धो पावसात पेरलेलं बी विहिरीत गेलं तर सगळी चर्चा वाया.

आबा_खटाव
मारवेल बेस. स्टायलो पण बघा. बांधावर, माळावर टाकत्यात. मुरमात येतो, जनावर खातं. बी बारीक असतं, वाळूत मिसळून फोका. आधी कढत पाण्यातनं काढा, न्हाईतर वर्षभर तसंच पडून राहतं.

सड्यावरचा
स्टायलोही बाहेरून आलेलाच, आबा. वैरणीला उत्तम, पण डोंगराच्या इतक्या जवळ मी मारवेललाच मत देईन.

आबा_खटाव
मग ज्वारी-बाजरी तरी कुठली हितली. पण ऱ्हाऊ द्या, मारवेल तर मारवेल.

मिरजमळा
उताराचं झालं. मला त्या काळ्या मातीच्या पट्ट्याची काळजी वाटते. लव्हाळा हे वेगळं प्रकरण आहे हो. गाजरगवत बियांवर जगतं, लव्हाळा गाठींवर. वरचं पातं उपटलं की खाली साखळीत झोपलेल्या गाठी जाग्या होतात. एक उपटा, चार येतात. त्याच्यावर पुठ्ठा टाका, टोकाने भोक पाडून वर येतो. पातळ प्लॅस्टिकसुद्धा फोडतो.

त्याला मारणाऱ्या गोष्टी दोनच, मेमधलं ऊन आणि पावसाळ्यातली दाट सावली. आत्ता मे आहे. पट्टा कोरडा असेल तर आजच कुदळीने वीतभर खोल ढेकळं उलटी करा आणि तशीच तापू द्या. अधूनमधून पलटा. गाठी सुकल्या की मरतात. हरळीच्या मुळ्याही तशाच वाळतात, त्या वेचून बाहेर काढा. वर जुन्या कृषीसहायक काकांनी खणू नका म्हटलंय ते गाजरगवताच्या मुरमाला. इथे उलटं करायचं. आणि ओल असताना खणाल तर गाठींची लागवड होईल, तेव्हा हे पावसाआधीच.

मग पाऊस पडला की ताग. आमच्याकडे उसाच्या आधी टाकतात तसा, पण दाट. एकरी वीस-पंचवीस किलोचा हिशेब असतो, म्हणजे गुंठ्याला अर्धा किलोच्या वर. पन्नास दिवसांत माणसाच्या खांद्याला लागतो. खाली अंधार. लव्हाळ्याला सावली अजिबात सोसत नाही, पातं लांबट पिवळं होतं आणि नवीन गाठी धरत नाहीत. तागाला फूल दिसायला लागलं की कापायचा आणि तिथेच आडवा पसरायचा. जून होऊ दिलात तर वाख निघेल, कोयता चालणार नाही.

कुंदा नाही ना तुमच्याकडे? असेल तर सांगा, त्याच्या मुळ्या हातभर खाली असतात. पण मग तो स्वतंत्र धागा होईल.

मुरूमवाली
कुंदा नाही, देवाची कृपा. हरळी मात्र इतकी आहे की गणपतीत आख्ख्या सातारा शहराला दुर्वा पुरवता येतील.

कापलेल्या तागानंतर काय? तिथेही पुन्हा मोकळं होणारच ना?

कराडची_माई
तागानंतर रताळ्याचे वेल. माझा सल्ला याच्यावर आहे म्हणून इतका वेळ गप्प होते.

ऑगस्ट संपता संपता ताग आडवा केलात की त्याच्यातच रताळ्याचे वीत-सव्वावीत लांबीचे कटिंग हातभर अंतराने खोचा. मधली दोन-तीन पेरं मातीत गेली पाहिजेत. पावसाची ओल असेपर्यंत धरतात. दीड-दोन महिन्यांत पट्टा दिसेनासा होतो. वेलाला पेरापेराला मुळं फुटतात, ती वेल उचलून मोडायची, म्हणजे पसारा पानांचा होतो आणि रताळं बुंध्याशीच भरतं. महाशिवरात्रीच्या आसपास काढणी. रताळं काढताना माती उकरली जाते, तेव्हा उरलेल्या लव्हाळ्याच्या गाठीही हाताला लागतात. त्या वेचून घ्यायच्या. हा फायदा दुसऱ्या कुठल्या वेलात नाही.

पाणी मात्र थंडीत आठ-दहा दिवसांनी लागेल.

कोरेगावकर
माई, यवतेश्वरला रताळं? रानडुकरं आमंत्रण दिल्यासारखी येतील.

कराडची_माई
हे लक्षात नव्हतं आलं. घराच्या अगदी पुढ्यात पट्टा आहे म्हणतायत, कुत्रं असेल तर भीती कमी. पण डुकरं खरंच येत असतील तर नको. घुशीही लागतात रताळ्याला.

मुरूमवाली
डुकरं वरच्या बाजूने येतात, मागच्या वर्षी शेजाऱ्यांचा भुईमूग साफ केला. कुत्रा आहे, पण तो स्वतःच घाबरट आहे.

तासगावची_बाग
मग घेवड्या-वालाचे किंवा चवळीचे वेल घ्या. चवळी पसरट जातीची, मंडपाची नाही. रताळ्याइतकी घट्ट चादर होत नाही, पण दोन महिने निभावते आणि घरात शेंगा. त्याच्याखाली पाचटाचा, म्हणजे उसाच्या वाळलेल्या पाल्याचा थर द्या. सातारा-सांगलीत राहून पाचट विकत घ्यायची वेळ येत नाही, हंगामात शेतकरी पेटवून देण्याऐवजी आनंदाने ट्रॉली भरू देतात. आम्ही द्राक्षाच्या ओळींत हेच करतो. पावसाळ्यात मधल्या पट्ट्यात ताग-धैंचा, कापून आच्छादन, आणि उन्हाळ्यात पाचट.

थर वीतभर जाड हवा. बोटभर पाचटातून लव्हाळा हसत वर येतो. आणि घराच्या भिंतीपासून हातभर लांब ठेवा, वाळवी लागते.

एक मात्र सांगते. मुळात तो घरासमोरचा पट्टा कायमचा कशाने झाकायचा हे ठरवा. ताग, चवळी ही हंगामी माणसं. दोन पावसाळे त्यांच्याकडून लव्हाळा कमी करून घ्या, मग बारमाही झाड आणा.

सड्यावरचा
तिथे मी जलपिंपळी सुचवेन. नर्सरीत लिपिया नावाने मिळते. ओढ्याकाठी, तळ्याकाठी आपल्याकडे आपोआप येते, बाहेरची नाही. जमिनीसरपट जाते, दोन-तीन इंचांच्या वर चढत नाही, चालण्याने मरत नाही. एकदा धरली की उन्हाळ्यात पंधरवड्याला पाणी मिळालं तरी तग धरते. बारीक पांढरी-जांभळट फुलं येतात आणि त्यांवर मधमाश्या असतात, अनवाणी चालताना सांभाळा. पसरते ती भराभर, पण कडेला विटांची ओळ घातलीत आणि वर्षातून दोनदा काठ छाटलात तर अडते. लव्हाळा शिल्लक असताना मात्र लावू नका. ती बुटकी आहे, सावली पाडू शकत नाही, लव्हाळा तिच्यातून सरळ वर येईल.

वारणाकाठचा
पिवळ्या फुलांचा तो बारमाही भुईमूग पण चालेल की, पिंटो म्हणतात तो. का तोही तुमच्या यादीत आहे?

सड्यावरचा
:) तो त्या शंभरात नाही. मूळचा ब्राझीलचा. नारळी-पोफळीच्या बागांत, कॉफीच्या मळ्यांत लावतात. अर्धवट सावली चालते, मुळांना गाठी धरतात. आंब्याखाली लावायला हरकत नाही. दोन अडचणी. पहिले तीन महिने फार हळू, तेवढे दिवस तुम्हालाच खुरपावं लागेल. आणि उन्हाळ्यात पाणी हवं. ताईंकडे पाणी नाही.

कराडची_माई
आंब्याखाली हळद लावा ना! सांगली-साताऱ्यात असून कुणी हळदीचं नाव घेत नाही. हळदीचे गड्डे जूनमध्ये टोचले की जुलै-ऑगस्टपर्यंत रुंद पानांनी सगळं झाकतं, केन्याला उजेडच मिळत नाही. विरळ सावली मानवते. थंडीत पानं वाळतात ती तिथेच पडू द्यायची, वर आंब्याचाच पालापाचोळा. उन्हाळ्यात झाड झोपलेलं असतं, पाणी मागत नाही. आणि डुक्कर हळदीच्या वाटेला सहसा जात नाही. काढायची घाई नसेल तर ठेवा तशीच, पुढच्या पावसाला आपोआप फुटते. विक्रीची हळद नाही ही, दर वर्षी काढायचं बंधन नाही.

मुरूमवाली
माई, ही आतापर्यंतची सगळ्यात आवडलेली सूचना. सासूबाई लगेच म्हणाल्या, लोणच्याला आंबेहळद पण लाव.

कोरेगावकर
घाणेरीचं राहिलं.

जुना_कृषीसहायक
घाणेरीपुढे कुठलंही जमीन झाकणारं झाड टिकणार नाही, तो विचार सोडा. वरून कापली की बुंध्यातून दुप्पट फुटते. पहिल्या दोन-तीन पावसांनंतर जमीन मऊ झाली की खोडाखालचा जाड गड्डा, जिथून मुळं सुटतात तो, पहारीने उचकटून काढा आणि उलटा टांगून वाळू द्या. एकदम सगळं कुंपण काढू नका, नाहीतर शेळ्यांना मोकळं रान. दहा-पंधरा फूट काढा, तिथे लगेच निरगुडी किंवा गिरीपुष्पाच्या फांद्या दाट खोचा, मग पुढचा तुकडा. निरगुडीला शेळी तोंड लावत नाही. पाखरांनी टाकलेल्या बियांतून घाणेरीची रोपं येत राहतील, ती बोटाएवढी असतानाच उपटा.

आणखी एक. पावसाळ्यात गाजरगवतावर मळकट पांढऱ्या रंगाचे, तपकिरी नागमोडी पट्टे असलेले लहान भुंगे दिसले तर मारू नका. मेक्सिकन भुंगे ते. १९८४ साली बंगळूरला मुद्दाम सोडले होते, आता आपल्याकडेही दिसतात. ते आणि त्यांच्या अळ्या गाजरगवताची पानं खाऊन चाळण करतात. त्यांच्या भरवशावर बसू नये, कारण पाऊस संपला की ते मातीत जाऊन झोपतात आणि गाजरगवत पुन्हा फुटतं. पण टाकळा खालून दाबतोय आणि भुंगा वरून खातोय, अशी जोडी जुळली तर उतारावरचं निम्मं काम तेच करतील.

पुणेरी_माळी
गाजरगवत भारतात पहिल्यांदा नोंदलं गेलं ते आमच्या पुण्यातच, १९५५ साली. तेव्हा आमच्यातर्फे दिलगिरी.

आबा_खटाव
दिलगिरी नगं, या आणि उपटून न्या.

मुरूमवाली
मंडळी, माझं ठरलंय ते लिहिते, चुकत असेल तिथे टोका.

काळ्या पट्ट्यावर उद्यापासून कुदळ. गडी सांगितलाय. ढेकळं पाऊस येईपर्यंत तापतील. मग ताग, त्यानंतर चवळी आणि पाचट, पुढच्या वर्षी पुन्हा ताग. जलपिंपळी त्यानंतर, लव्हाळा खरंच हटला तर. उतारावर खणायचं नाही, वळीव झाला की खरवडणं, मग वाळ्याच्या तीन ओळी आणि मधे टाकळा, खालच्या बाजूला कुंपण बंद झालं तर हुलगा. मारवेलचे ठोंब मिळतील तसे. आंब्याखाली हळद, आंबेहळद. घाणेरी तुकड्या-तुकड्याने.

खर्चाचं म्हणाल तर सगळ्यात जास्त गड्याची मजुरी आहे, बी-बियाणं त्याच्यापुढे काहीच नाही. नर्सरीच्या वेडेलियाचे पैसे याच्याहून जास्त झाले असते.

तासगावची_बाग
छान. फक्त थंडी विसरू नका. नोव्हेंबरात टाकळा झडला की उतारावर एक चक्कर मारा, जे गाजरगवत दिसेल ते फुलायच्या आधी. वर्षभरातली सगळ्यात कामाची खुरपणी तीच. जुलैतली नाही.

मुरूमवाली
हे कॅलेंडरवर लिहून ठेवलं. आता एकच, टाकळ्याचं बी आत्ता मेमध्ये कुठे मिळणार? शेंगा तर जानेवारीत झडल्या.

जुना_कृषीसहायक
काष्ठौषधीच्या दुकानात चक्रमर्द म्हणून मागा. भाजलेलं नाही ना तेवढं विचारून घ्या, आणि आधी ओल्या फडक्यात वीस दाणे ठेवून उगवतात का बघा.

मेढ्याची_मावशी
दुकानात कशाला जाता. माझ्याकडे पिशवीभर आहे, यंदाच्या शेंगांचं, रगडून ठेवलेलं. मंगळवारी साताऱ्याला येतेय, राजवाड्यापाशी दुपारी भेटा. बदल्यात आंबेहळदीचे चार गड्डे द्या.

मुरूमवाली
मावशी, आंबेहळद अजून माझ्याकडेच यायची आहे. कराडची माई, ऐकताय ना?

कराडची_माई
ऐकतेय. किती किलो हवी ते सांगा, मंगळवारी एसटीने पाठवते.